मुठीची झोळी

"घाल हात, दीना. मी तिकडं बघतीय."

हन्नाबाईने झोळीचे तोंड पुढे धरले आणि मान वळवून समोरच्या बाभळीवर नजर लावली. बाभळीत बघण्यासारखे काही उरले नव्हते. खालचा पाला शेळ्यांनी ओरबाडला होता, आणि पाला संपल्यावर शेळ्याही संगमनेरच्या बाजारात गेल्या होत्या. वर दोन कावळे बसले होते, तेही गप्प.

दीनाची मूठ झोळीत गेली, आत जराशी थांबली आणि मिटलेलीच बाहेर आली.

"झालं, मावशी."

"देव भलं करो," हन्नाबाई म्हणाली आणि झोळी खांद्यावर टाकून पुढच्या दाराकडे वळली.

हन्नाबाई ही त्या वाडीची बायबलबाई. मिशनने तिला नेमले होते ते घरोघर जाऊन बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायला. पण माणूस नुसत्या गोष्टींवर कुठे राहते? ती बाळंतिणीला शेक द्यायची, तापलेल्या पोराच्या कपाळावर ओली चिंधी ठेवायची, रडणारीजवळ तिचे रडे सरेपर्यंत बसायची. नवरा पटकीत गेला तेव्हापासून तिचे स्वतःचे असे घर नव्हते, म्हणून सगळ्या वाडीचे उंबरे तिचे झाले होते. गळा गोड. आईकडून आलेल्या ओव्या तिला तोंडपाठ होत्या, आणि येशूच्या जन्मापासून वधस्तंभापर्यंतची सगळी कथाही तिने त्याच चालीत बसवून ठेवली होती. दळणाऱ्या बायकांना ती मधूनच कधी बेथलेहेमला न्यायची, कधी माहेरी. वाट एकच असावी तशी.

झोळीची रीत जुनी. प्रत्येक घरी दळायला बसण्याआधी बाईने एक मूठ धान्य देवाच्या नावाने बाजूला काढायचे, आणि शनिवारी हन्नाबाईने ते गोळा करून मिशनच्या मंदिरात न्यायचे. सुगीच्या दिवसांत झोळीचा बंद खांद्याला काचायचा. पण लढाई लागली, तिला तिसरे-चौथे वर्ष उजाडले. खळ्यावरची बाजरी सरकारी सक्तीच्या लेव्हीत गेली, कंट्रोलच्या दुकानात किडकी ज्वारी येऊ लागली आणि तीही रोज मिळेना. पठारावर दोन वर्षे पाऊस रुसला होता. तेव्हा हन्नाबाईने कुणाला न विचारता रीत उलटी केली. झोळी मंदिरात जाईनाशी झाली. ती एका दारातून दुसऱ्या दारात फिरू लागली.

"मूठ मिटूनच घालायची आन् मिटूनच काढायची," तिने बायकांना सांगितले. "जिच्या घरात हाय तिनं टाकावं. जिच्या घरात न्हाई तिनं घ्यावं. मी बघनार न्हाई, आन् तुमीबी एकमेकीला इचारायचं न्हाई."

आणि बायकांनी विचारले नाही. भुकेच्या वर्षात तेवढी एक गोष्ट त्या वाडीत नीट चालली होती. कुणी दिले, कुणी घेतले, देवाला ठाऊक. सगळ्यांच्या मुठी सारख्या दिसत.

झोळीत हात घालत नसे ती एकच, वाडीच्या कडेला राहणारी कुणब्याची झुंबरबाई. शिवाशिवीमुळे ती ओंजळ वरून सोडायची, पाणी वाढावे तशी. पण सोडायची. आणि वर म्हणायची, "हन्नाबाई, तुझ्या देवाला भूक लई गं. आमचा बापुडा एका नारळावर वरीसभर निभावतो."

"तुमच्या देवाला बायकू हाय रांधायला," हन्नाबाई म्हणायची. "आमचा एकलाच."

झुंबरबाई पदर तोंडाला लावून हसायची आणि एखाद्या दिवशी दुसरी ओंजळही सोडायची.

एका सकाळी हन्नाबाई खांद्याला झोळी, कडेवर घागर अशी आडावरून येत होती. दीनाच्या घरातून जात्याचा आवाज येत होता. ती चालत होती तशी थांबली. उभा जन्म जात्यापाशी गेलेल्या बाईला आवाज सांगावा लागत नाही. जात्याच्या तोंडात दाणा असला की ते घुमते, पोटात काही असलेल्या माणसासारखे. हे जाते खरखरत होते. दगड दगडाला घासत होता.

तिने घागर उंबऱ्याशी टेकवली आणि आत गेली. दीना खुंटा धरून बसली होती. डोळे कोरडे, केस मोकळे. भोवती पिठाचा कण नव्हता. कोपऱ्यात गोधडीखाली थोरली मरियम आणि तान्हा एलिया एकमेकांना बिलगून निजले होते. दीनाचा नवरा शांतवन घरी नव्हता.

दीना दचकली, पण तिने जाते थांबवले नाही. हन्नाबाई तिच्यासमोर बसली. तिने खुंट्यावर आपला हात दीनाच्या हाताखाली लावला, आणि दोघी रिकामे जाते फिरवू लागल्या.

"थांबीवलं की पोरं उठत्यात, मावशी," दीना हळूच म्हणाली. "जातं वाजतंय तवर त्येंला वाटतं आई दळतीय, भाकर हुनार. पडून ऱ्हात्यात."

"आन् उठली की?"

दीनाने खुंट्याला जोराचा फेरा दिला.

"अगं, मग झोळीतनं घेत का न्हाईस? शनवार-शनवार हात तर घालतीस."

"ह्येंनी लेकराच्या डोक्यावर हात ठिवून सांगितलंय. आपल्या घरानं मूठ दिली हाय, घेतली न्हाई कदी. मग मी रिकामी मूठ घालते आन् रिकामी काढते. शेजारची रतनबाई भिंतीपल्याड कान लावून बसलेली असती. तिला वाटतं, दिली आमी."

शांतवन दोरखंड वळणारा. त्याच्या हातचा नाडा मोटेला लावला की पाच वर्षे बघायला नको, असे शेतकरी म्हणत. पण विहिरी आटल्या, मोटा बंद पडल्या, बैल विकले गेले. ज्याच्या दावणीला बैल नाही तो कासरा कशाला घेईल? अंबाडीचे बिंडे आढ्याला टांगून राहिले. तो रोज पहाटे काम बघायला म्हणून निघून जायचा आणि अंधार पडताना पायांची धूळ घेऊन यायचा. तरी रविवारी मात्र तो धुतलेला सदरा घालून मंदिरात ढोलकीवर बसे. मंडळीचा तो पंच होता. देवाच्या दानाचे ताट मंडळीत फिरवायचे ते त्यानेच.

हन्नाबाईच्या तोंडून ओवी आली. बोलावली नव्हती, तिची ती आली.

*रिकामं गं माझं जातं, फिरवीते मी हळू हळू*
*शेजीच्या गं कानाला, बाई, नको काही कळू*

मग दीनाही सुरात आली, अगदी बारीक, पोरे उठू नयेत अशी.

*उपाशी गं लेकराला थापटीते पाठीवर*
*देवाजीच्या दारी उभी, हात माझा कडीवर*

ओवी संपली तशी हन्नाबाईने खांद्यावरच्या झोळीत हात घातला, मूठभर बाजरी काढली आणि सरळ जात्याच्या तोंडात सोडली. जाते एकदम घुमले.

"मावशी, काय केलं ह्ये?"

"मी तुला कुटं दिलंय? जात्याला दिलंय. जात्याला कुनी आन घातलीय?"

दीना हसली. त्या हसण्यानेच तिच्या डोळ्यांतले पाणी खाली आले. पीठ भोवती सांडू लागले, करड्या फुलांसारखे. कोपऱ्यातून मरियमने गोधडीबाहेर डोके काढले आणि पिठाकडे बघत राहिली.

निघताना दीनाने हन्नाबाईचा पदर धरला. "कुनाला सांगू नगा, मावशी. ह्येंला कळलं तर जगायचे न्हाईत."

"येडी हायस का? देवाबिगर कुनाला सांगंन मी?"

हे ती मनापासून म्हणाली होती.

पुढचे काही दिवस हन्नाबाई पाण्याच्या निमित्ताने दीनाच्या घरी डोकवायची आणि जात्याच्या तोंडात मूठ सोडून जायची. पण झोळीही आता हलकी लागू लागली होती. देणाऱ्या मुठी कमी होत होत्या, घेणाऱ्या वाढत होत्या. हन्नाबाईच्या स्वतःच्या चुलीवर तरवडाच्या पाल्याचा काढा आणि शिजवलेली घोळीची भाजी एवढेच असे. मिशनचा पगार तीन महिने आला नव्हता. तिला भोवळ यायची तेव्हा ती भिंतीला टेकून ओवी म्हणायची, आणि ओवी संपेपर्यंत भोवळ गेलेली असायची.

एलियाला ताप आला. आटलेल्या छातीला तोंड लावून तो रडायचा, मग रडायचाही थांबायचा. त्याचे ते थांबणे हन्नाबाईला सहन होईना. ती रात्रीची कूस बदलत बापाला हाका मारायची. तिचा बाप म्हणजे आकाशातला.

रविवार आला. उपासना चालवायला संगमनेरचे पाळक येणार होते, पण पेट्रोलवाचून मोटार बंद होती, म्हणून मंडळीनेच ती चालवली. कौलारू, बुटके मंदिर. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. शांतवनने ढोलकीला थाप दिली, भजन झाले. मग मोकळ्या प्रार्थनेची वेळ आली. ज्याला आत्म्याने प्रेरणा होईल त्याने उभे राहावे आणि मोठ्याने प्रार्थना करावी, अशी तिथली रीत. सगळ्यांनी डोळे मिटले.

हन्नाबाई उभी राहिली.

इतकी वर्षे ती अशीच उभी राहत आली होती. आजाऱ्यांची नावे घ्यायची, बाळंतिणींची घ्यायची, लढाईवर गेलेल्या पोरांची घ्यायची. नाव घेऊन मागितले की देवाला घर सापडते, असे तिला तिच्या आईने शिकवले होते. तिने सुरुवात केली आणि शब्दांना नेहमीची लय आली. डोळे मिटले की तिला माणसे दिसत नसत, फक्त ज्याच्याशी बोलायचे तो दिसे.

"बापा, तू रानातल्या चिमन्यांला चारतोस. आमची पाखरं घरट्यातच वाळली. बापा, ज्या घरात रिकामं जातं फिरतंय, त्या घरात तू ये. दीनाच्या घरात ये. तिची लेकरं जात्याच्या आवाजावर निजत्यात, त्येंला दाना दे. एलियाच्या अंगातला ताप काढ. शांतवन मानी हाय, तो हात पसरनार न्हाई. तू त्याच्या न पसरलेल्या हातात दे, बापा..."

तिच्या गालावरून पाणी ओघळत होते. "तुझ्या पुत्राच्या नावाने मागते," असे म्हणून ती थांबली.

आमेन आले ते दोन-चारच जणांचे, पडलेल्या आवाजात.

हन्नाबाईने डोळे उघडले. सगळ्यांचे डोळे आधीच उघडे होते. बायका दीनाकडे बघत होत्या. दीना जमिनीकडे बघत होती आणि तिने पदर ओढून एलियाचे तोंड झाकले होते, जणू त्यालाच कुणी उघडे केले होते. शांतवनचा पंजा ढोलकीच्या पुडीवर सपाट पडला होता. पुढचे भजन लागले तरी तो उचलला गेला नाही. भजन तसेच झाले, ठेक्यावाचून. दान फिरवायचे ताट कुणीतरी दुसऱ्यानेच उचलले.

देवाला सांगितले होते हन्नाबाईने. सगळ्यांसमक्ष सांगितले होते.

संध्याकाळी रतनबाई अर्धी भाकरी ताटलीत घेऊन दीनाच्या दारात आली. स्वतःच्या लेकरांच्या तोंडची काढून आणली होती, त्यात खोट नव्हती. पण आवाज आळीभर गेला.

"अगं आदी सांगायचं न्हाई का? आमी काय परके हाय? रिकामं जातं फिरवीत बसलीस ती!"

मागोमाग आणखी दोघी आल्या. एकीने उकडलेली रताळी आणली, एकीने नुसतेच सांत्वन. आडावर मरियम पाण्याला गेली तर पोरांनी तिच्याभोवती फेर धरून तोंडाने खर्र-खर्र आवाज काढला. ती घागर न भरताच परत आली. शांतवनने ताटली, रताळी, सगळे ज्याचे त्याला स्वतः नेऊन दिले. प्रत्येक दारात तो म्हणाला, "उपकार झाले. आमचं हाय बरं." एवढेच बोलला.

दुसऱ्या दिवशी हन्नाबाई त्याच्याकडे गेली तेव्हा तो अंगणात बसून आढ्याची अंबाडी वळत होता. कुणी मागितलेला दोर नव्हता तो. गाठोडी बांधायचा होता.

"शांतवन, चुकले मी."

"बसा, हन्नाबाई." त्याने पोते सरकवले.

"माझ्या तोंडाला आग लागो. मी त्याच्याशी बोलत हुते रं. दुसरं कुनी हाय ह्ये ध्यानातच ऱ्हायलं न्हाई."

"देवाला तर ठावंच हुतं की." त्याने दोराला पीळ दिला. "मग ऐकलं कुनी?"

हन्नाबाई पोत्याच्या कडेला टेकली.

"मी तुमाला बोल लावीत न्हाई. जात्यात मूठ कोन सोडत हुतं, ते मला पयल्या दिशीच कळलं हुतं. पीठ बगून बी मी गप बसलो. खाल्ली भाकर. म्हनलं, हन्नाबाईची हाय, आन् हन्नाबाई कुनाला बोलनार न्हाई." तो थांबला. "आता ह्या आळीतनं मला मान वर करून चालता येनार न्हाई. खाली प्रवरेच्या कालव्याला उसावर मानसं लागत्यात म्हनं. जातो."

"लेकरू तापलंय. रस्त्यानं ऊन बगितलंस का?"

"इथं ठिवून काय करू? सांगा तुमी."

आतून दीना बाहेर आली नाही. चुलीपाशी भांडे सरकल्याचा आवाज तेवढा आला.

त्या शनिवारी हन्नाबाई झोळी घेऊन निघाली. पहिल्या दारात बाई म्हणाली, "आमचं बरं हाय, बाई." तिने हात घातला नाही. दुसऱ्या दारातही तेच. जिच्या घरी दोन दिवस चूल पेटली नव्हती तिनेही हात पाठीमागे नेला. रतनबाईने तेवढे उघड सांगितले, "माझं नाव नगं घिऊस हां कुठं. माझ्या धन्याला खपायचं न्हाई." देणाऱ्यांनाही देण्याचा संकोच वाटू लागला होता. दिले तर लोक म्हणणार, हिच्याकडे हाय. घेतले तर देवापुढे पुकारा.

झुंबरबाईच्या कानावरही गेले होते. तिने ओंजळ सोडली, पण हसली नाही. "हन्नाबाई, तुझ्या देवाच्या कानात सांगायची सोय न्हाई का गं?"

हन्नाबाई झोळी घेऊन घरी आली. एका ओंजळीची बाजरी तळाशी एका कोपऱ्यात जमली होती. ती झोळी उशाशी ठेवून बसून राहिली. दुखत होते ते भुकेने की कशाने, तिला सांगता आले नसते. दार दर शनिवारी उघडत होते ते तिने स्वतःच्या तोंडाने बंद केले होते. एकाचे नाही, सगळ्यांचे.

शांतवनचे बिऱ्हाड निघाले तेव्हा ऊन अजून कोवळे होते. त्याच्या डोक्यावर गाठोडे, खांद्यावर दोराचे वेटोळे. मरियमच्या हातात कळशी. दीनाच्या कडेवर एलिया. जाते जड म्हणून मागेच राहिले. दार त्याने साध्या सुतळीने बांधले. कुलूप नव्हतेच. आळीतल्या बायका दारांतून बघत होत्या. कुणी जाऊ नका म्हणाले नाही, कारण राहा म्हणण्यासारखे कुणापाशी काही नव्हते.

हन्नाबाई त्यांच्यामागून चालू लागली. पठार संपून उतार लागतो तिथे दीनाची चाल मोडली. हन्नाबाईने हात पुढे केले. दीनाने तिच्याकडे बघितले, आणि पोराला दिले.

एलियाचे वजन काहीच नव्हते. गरम चिंधीसारखा तो तिच्या खांद्यावर पडला. हन्नाबाईने त्याच्या कानाशी ओवी म्हणायला तोंड उघडले, आणि मिटून घेतले. ती नुसतीच चालत राहिली. उताराच्या मध्यावर शांतवन वळून म्हणाला, "फिरा आता, हन्नाबाई. परतीला चढ हाय."

तिने पोर दीनाच्या कडेवर दिले. झोळीतली ओंजळभर बाजरी तिने मरियमच्या कळशीत ओतली. शांतवन दुसरीकडे बघत होता.

"मावशी," दीना म्हणाली. त्या रविवारनंतर हन्नाबाईशी ती पहिल्यांदाच बोलत होती. "आमच्यासाठी प्रार्थना करा."

हन्नाबाईने मान हलवली.

"पर नाव घिऊ नगा."

मग ती वळली आणि नवऱ्यामागून उतरू लागली. खाली रस्त्यावर संगमनेरकडे जाणाऱ्या माणसांची आणखी एक ओळ दिसत होती. थोड्या वेळाने कोण कुठले ते ओळखू येईनासे झाले.

त्या साली वाडीत बंद घरांची गत सगळ्यांना ठाऊक झाली होती. अंगणात पाचोळा साचला, उंबरा पांढरा पडला की लोक समजायचे, गेले, आता येत नाहीत. मग आधी दाराची फळी जायची, मग आढे, मग वासे. सरपण सगळ्यांनाच लागत होते. महिन्यात भिंती तेवढ्या उरायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाई शेणाची पाटी घेऊन गोवऱ्या थापायला चालली होती. तिने बघितले, शांतवनच्या अंगणात कुणीतरी वाकून झाडत होते.

"कोन? हन्नाबाई?"

"व्हय."

"त्ये तर गेले म्हनं."

"झाडायचं ऱ्हायलं हुतं त्येंचं."

झुंबरबाई उभी राहिली. सुतळीने बांधलेल्या दाराकडे, झाडलेल्या अंगणाकडे, घाम आलेल्या म्हातारीकडे तिने एकवार पाहिले. मग पाटी डोक्यावरून उतरवली आणि अंगणाच्या कडेला शेण ओतले. चूल पेटायला गोवरी मिळत नव्हती असे ते दिवस. रिकामी पाटी घेऊन ती आल्या वाटेने निघून गेली.

हन्नाबाईने शेणात पाणी कालवले. दारापासून सुरुवात केली. उंबऱ्याला हात फिरवला, मग पायरीला, मग अंगणाला. मागे मागे सरकत, बोटांच्या अर्धगोल रेघा एकीला एक जोडत, ती रस्त्यापर्यंत आली. आळी जागी होऊ लागली होती. रतनबाई आपल्या दारात येऊन उभी राहिली आणि काही न विचारता परत आत गेली.

हन्नाबाईने हात धुतले. समोर ओले सारवण होते, कडेपासून कडेपर्यंत, त्यावर एकही पाऊल नव्हते. आतली बाई नुकतीच सारवून चुलीपाशी गेली असावी, असे ते घर दिसत होते.